पाईप सोडू नका, सर!

आमच्या आणि अण्णांच्या घरामधली कंपाउंडची भिंत कमरेएवढी आहे. पुढं वाढवू म्हणून तशीच ठेवली होती. वीस वर्षं झाली, तिच्यावर एक वीट चढली नाही, आणि ते बरंच झालं. भिंत वाढली असती तर आम्हा दोघांची वाचा बसली असती. या भिंतीवर कोपर टेकवून आम्ही काय काय निकालात काढलं नाही! विभागीय आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला (हे अजून निकालात निघालेलं नाही), सोयाबीन आता विकावं की धरून ठेवावं, आणि कुणाच्या घरचा खारा उन्हाळा अख्खा पार करतो.

अण्णा मूळचे लातूरचे. नोकरीपायी नांदेडला आले, तरोड्यात घर बांधलं, पोरं इथंच शिकली. पण बोलताना लातूर सांडतंच. आम्ही ‘बघायलो’ म्हणतो, ते ‘बघलालो’ म्हणतात. थोरला पोरगा एसजीजीएसमधून इंजिनिअर झाला आणि एमएस करायला अमेरिकेत गेला. तेवढ्यापुरतं ते नांदेडचे उपकार मानतात, बाकी सगळं लातूरच्या खात्यावर.

तर गोष्ट 5 एप्रिल 2022 ची, मंगळवारची. पाडवा होऊन तीन दिवस झाले होते. सकाळी साडेसातच्या पुढं कधीतरी अण्णांच्या घरातून आरोळी आली. तशा वेळी माणसाच्या मनात एकच येतं. मी अनवाणी भिंतीपाशी धावलो.

“काय झालं हो अण्णा?”

“सोळानं मागं पडलेत, सर!”

“कोण?”

“कॅन्सस!”

माझ्या मागून आमची मंडळी आली होती. तिनं ‘कॅन्सर’ ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. तिची समजूत काढण्यात पाच मिनिटं गेली. मग उलगडा झाला. थोरला शिकतो ते कॅन्सस विद्यापीठ. त्यांच्या बास्केटबॉल संघाची अमेरिकेतल्या कॉलेजांची फायनल चालली होती, न्यू ऑर्लिन्सला. तिथं रात्र, इथं सकाळ. थोरल्यानं लॉरेन्समधल्या आपल्या खोलीत टीव्हीसमोर फोन उभा करून ठेवलेला, आणि इकडं अण्णा व्हिडिओ कॉलवर तो टीव्ही बघत बसलेले. नेट असं की पोरांची बोंब आधी ऐकू यायची आणि बॉल रिंगमध्ये मागून पडायचा.

“कॉलेजच्या पोरांची मॅच? त्याला एवढं काय?” मी म्हणालो.

“सत्तर हजार माणूस बसलंय आत, सर.”

मी गप्प झालो. आपल्याकडं आंतरमहाविद्यालयीन सामन्याला किती माणूस असतं ते मी स्वतः मोजलेलं आहे. मी कबड्डी खेळायचो तेव्हा पंच, लाइनमन आणि कुणाचा तरी मामा.

समोर होतं नॉर्थ कॅरोलायना. दोन दिवसांआधी त्यांनी ड्यूकला घरी पाठवलं होतं. ड्यूकच्या कोचची ती शेवटची स्पर्धा, त्यामुळं अख्ख्या अमेरिकेचं लक्ष तिकडं. आजही त्यांचंच चाललं होतं. 22-22 अशी बरोबरी होती, तिथून कॅरोलायनानं ओळीनं सोळा गुण घेतले आणि कॅन्ससला एक घेऊ दिला नाही. 38-22. कबड्डीत लागोपाठ लोण चढावेत तसं. मध्यंतराला 40-25. पंधराची पिछाडी.

फोनमधून थोरल्याचा आवाज आला, “पप्पा, ठेवतो आता. काही खरं नाही.”

“ठेवू नको रे! बघू दे तरी कसं हरलालेत ते.”

आणि नेमका त्याच वेळी नळ आला.

आमच्याकडं नळ एक दिवसाआड येतो. तो आला की घरात कोण मेलंय, कोण जन्मलंय, याचा विचार कुणी करत नाही. अण्णांनी फोन एका हातात धरला, दुसऱ्या हातानं पाईप ओढत आणला. हौद भिंतीला लागूनच. पाईप हौदात टिकेना, पाण्याच्या जोरानं बाहेर उडी मारायचा. “सर, जरा धरता का, दोन मिनिटं?” मी भिंतीवरून हात घालून पाईप धरला. ती दोन मिनिटं पुढं पाऊण तासाच्या वर गेली.

कारण मध्यंतर संपलं, आणि कॅन्ससनं टाकलेला बॉल आत. पुन्हा आत. कॅरोलायनाचा बाहेर. अण्णांची धाकटी तोवर केस विंचरत अंगणात आली होती. ती तिच्या कॉलेजच्या टीममध्ये गार्ड खेळते, त्यामुळं आमच्या गल्लीत या खेळातलं कळणारं माणूस तेवढं एकच. तिनं फोनमध्ये डोकावून सांगितलं, “पप्पा, हे आता लयी पळायलेत. कॅरोलायनाच्या पोरांचे पाय जड झालेत बघा.”

अण्णांनी एकदा फोनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. डोळ्यात एक वेगळीच चमक आली.

“सर,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही पाईप धरल्यापासून सुरू झालंय हे. पाईप सोडू नका.”

मी विज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस. एकतीस वर्षं पोरांना कार्यकारणभाव शिकवला. पण खरं सांगतो, मी पाईप सोडला नाही.

बघता बघता कॅन्ससनं एकतीस घेतले आणि कॅरोलायनाला दहाच दिले. 56-50. पंधरानं मागं होते ते सहानं पुढं! बाहेरून आलेला रेमी मार्टिन नावाचा पोरगा (आधी ॲरिझोनात खेळायचा, शेवटच्या वर्षाला इकडं आला) लांबून तीन-तीनचे टोले टाकायला लागला. त्याचे चौदातले अकरा गुण मध्यंतरानंतरचे. हौद भरला, वाहायला लागला, पाणी तुळशीपासून गेटपर्यंत गेलं. वहिनी आतून ओरडल्या, “अहो, पाणी!” अण्णा ओरडले, “जाऊ दे!” एप्रिल महिन्यात, मराठवाड्यात, लातूरच्या माणसानं पाण्याला ‘जाऊ दे’ म्हटलं! ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या माणसानं. मी तेवढ्यात एका हातानं वाहतं पाणी बादलीत घ्यायला लागलो. दुसरा हात पाईपवरच.

पण कॅरोलायना काही पडून राहणारी नव्हती. पुन्हा बरोबरी. शेवटी शेवटी 69-68, कॅरोलायना एकनं पुढं. दीडेक मिनिट उरलेलं. मग कॅन्ससचा मॅककॉर्मॅक, थोराड अंगाचा गडी, त्यानं रिंगखाली एकदा टाकला आपटून परत आला, तोच झेलून पुन्हा टाकला, आत. 70-69. त्यानंतर कॅरोलायनाच्या बेकॉटचा पाय मुरगळला आणि बॉल हातचा गेला. आधीच्या मॅचमध्ये दुखावलेल्या घोट्यावर तो गडी खेळत होता, आणि तशात पंधरा गुण आणि पंधरा रिबाउंड काढले होते. लंगडत बाहेर गेला. मॅककॉर्मॅकनं आणखी दोन टाकले, 72-69. कॅरोलायनाचे नेम चुकले. आता झालंच म्हणेस्तोवर, चार सेकंद राहिले असताना कॅन्ससच्या पोराचा पाय रेषेवर पडला! बॉल परत कॅरोलायनाकडं. तीन टाकले की बरोबरी.

फोनमधून बोंब आली. चित्र अजून यायचं होतं.

त्या दोन सेकंदांत अण्णांचा चेहरा जसा झाला होता, तसा मी त्यांच्या मुलीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा बघितला नव्हता. बोंब कुणाची, जिंकल्याची की हरल्याची? मग चित्र आलं. लव्ह नावाच्या पोरानं लांबून टाकला, रिंग सोडून भलतीकडं गेला. संपलं.

“सोडू का आता?” मी विचारलं.

“सोडा,” अण्णा म्हणाले आणि ओल्या अंगणात फतकल मारून बसले.

संध्याकाळी भिंतीवर बैठक बसली. खुर्च्या निघाल्या, वहिनींनी मुरमुऱ्यांचा सुशीला केला, मागच्या गल्लीतले वकीलसाहेब वास काढत आलेच. वकीलसाहेबांचं एक आहे, जगात कुठंही कुणी जिंकलं की त्यांना ते पटत नाही.

“सोळानं मागं पडून जिंकतात होय? आतून काहीतरी असणार,” त्यांनी सुरुवात केली.

“अहो, साठ साल होत आली, फायनलला इतक्या मागून कुणी आलं नव्हतं,” अण्णा म्हणाले. थोरल्यानं त्यांना दुपारभर पढवलेलं दिसत होतं. “1963 ला शिकागोचं एक कॉलेज पंधरानं मागून आलं होतं. आज सोळा.”

“मग मी म्हणतो तेच. साठ वर्षांत झालं नाही ते आज कसं झालं? त्या बेकॉटचा पाय मुरगळला नसता तर?”

इथं मला वकिलांची बाजू थोडी पटली होती, कबूल करतो. मी खेळलेला माणूस आहे. हुकमी गडी लंगडत बाहेर जातो तेव्हा उरलेल्यांच्या छातीतली हवा जाते. पण धाकटी मधेच म्हणाली, “काका, पाय मुरगळला तेव्हा कॅन्सस पुढंच होतं. एकनं असो, पण पुढंच. सोळा भरून निघाले ते त्याच्या आधी, आणि ते बचावानं निघाले. टोले सगळ्यांना दिसतात, हातपाय पसरून समोरच्याला अडवलेलं कुणाला दिसत नाही.”

वकीलसाहेबांनी सुशील्याचा घास घेतला. उत्तर नसलं की ते खातात.

मग अण्णांनी ती गोष्ट काढली. मला सगळ्या प्रकरणात हीच मोलाची वाटली. मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये कॅन्ससचा कोच, बिल सेल्फ, ओरडला नाही, पाट्या फोडल्या नाहीत. त्यानं पोरांना एक हिशेब घातला: दोन मिनिटं राहिली असताना नऊनं मागं असणं बरं, की वीस मिनिटं राहिली असताना पंधरानं? त्याला कारण होतं. 2008 साली याच कोचचा संघ फायनलला शेवटच्या दोन-सव्वादोन मिनिटांत नऊनं मागं होता. मारिओ चाल्मर्सनं तीनचा टोला टाकून बरोबरी केली आणि जादा वेळेत मेम्फिसला हरवलं. 75-68. तेव्हा ही पोरं पहिली-दुसरीत असतील.

“आता सांगा सर,” अण्णा माझ्याकडं वळले, “पंधरा मार्क, वीस मिनिटं. मिनिटाला एकसुद्धा नाही पडत. हा लातूर पॅटर्न नाही तर काय?”

“अण्णा, अमेरिकेचा कोच लातूरला कधी आला होता?”

“यायला कशाला लागतंय? पेपर कितीचा, वेळ किती, एका प्रश्नाला किती, हे पोराच्या डोक्यात बसवायचं. रडू द्यायचं नाही. शाहू कॉलेजात वाघमारे सरांनी हेच केलं की!”

“आणि ते वाघमारे सर मग कुठं आले?” मी संधी सोडली नाही. 17 सप्टेंबर 1994 ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्यावर मराठीत लिहिणारा हा माणूस. तेव्हा अमेरिकेचा धागा जोडायचाच तर नांदेडमधूनच जातो.

“विद्यापीठ तुमचं, कुलगुरू आमचा,” अण्णा म्हणाले. भिंतीवरचा हा सामना नेहमी इथंच बरोबरीत सुटतो.

लातूर पॅटर्नबद्दल माझं मत वेगळं आहे, ते मी त्या दिवशी बोललो नाही, इथं सांगतो. घोकंपट्टीनं मार्क मिळतात, मॅच मिळत नाही. पण त्या कोचच्या प्रश्नात घोकंपट्टी नव्हती. मागं पडलेल्या माणसाला डोंगर दिसतो. सेल्फनं त्या डोंगराचे तुकडे करून पोरांच्या हातात दिले. आम्ही मास्तर लोक नापास होऊ घातलेल्या पोराला काय सांगायचो? “आता कसं होणार तुझं!” यात हिशेब कुठंय? एकतीस वर्षांत एकदाही मी कुणाला ‘किती राहिलंय आणि वेळ किती आहे’ एवढं सरळ विचारलं नाही. असो.

आमच्या मंडळीला वेगळीच काळजी. “त्या हरलेल्या पोरांनी दोन दिवसांआधी एवढ्या मोठ्या कोचला हरवलं, आणि आज हे. जेवली असतील का रात्री?”

“जेवतात, वहिनी. अमेरिकेत जेवणाचं काय,” अण्णा म्हणाले. मग जेवणावरून गाडी कॅन्ससच्या शेतावर गेली. थोरला सांगतो, तिकडं गहू म्हणजे नजर पोचत नाही तिथपर्यंत, आणि अख्ख्या अमेरिकेत ज्वारी सगळ्यात जास्त पिकते ती कॅन्ससमध्येच.

“ज्वारी?” अण्णांकडच्या वहिनी पुढं सरकल्या. “मग भाकरी मिळत असेल की पोराला!”

“कुठली भाकरी. जनावराला घालतात, नाहीतर गाडीत घालायचं इंधन करतात.”

बैठकीवर एकदम शांतता पसरली. सोळाच्या पिछाडीनं झाली नव्हती एवढी. ज्वारीची मोटार चालवतात हे वहिनींना अजून पटलेलं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पोराला फोनवर विचारून घेतलं, पीठ करून मिळेल का म्हणून.

या खेळाची जन्मकथाही त्याच बैठकीत झाली. 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समध्ये नेस्मिथ नावाच्या मास्तरनं थंडीत पोरांना आत खेळायला काहीतरी हवं म्हणून पीच ठेवायच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. टोपलीला बूड होतं, बॉल पडला की कुणीतरी चढून काढायचा. आपल्याकडं झालं असतं तर आंब्याची पाटी ठोकली असती, आणि बॉल काढायला चढलेलं पोरगं आंबा खात वरच बसलं असतं. हा नेस्मिथ पुढं 1898 मध्ये कॅन्ससला गेला आणि त्या विद्यापीठाचा पहिला कोच झाला. गंमत अशी की कॅन्ससच्या सगळ्या कोचांमध्ये जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला कोच तो एकटाच. 55 जिंकले, 60 हरले.

“ज्यानं खेळ काढला तोच?” वकीलसाहेब पहिल्यांदा खूश झाले. “बघा, मी म्हणत नव्हतो!” काय म्हणत होते ते त्यांनाच ठाऊक.

त्यांच्या विद्यापीठाची एक आरोळी आहे, ‘रॉक चॉक’ अशी, तिकडच्या खडूच्या खडकावरून आलेली, 1886 साली तिथल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं बसवलेली. अण्णांनी ती म्हणून दाखवली. मास्तर असल्यामुळं मला खडूचं नाव घेऊन कुणी जिंकतं याचं फार बरं वाटलं. आणि त्यांच्या संघाचं चिन्ह असलेलं जेहॉक हे पाखरू खऱ्या जगात कुठंच नाही, ही माहिती धाकटीनं पुरवली.

“2020 ला हेच पहिल्या नंबरवर होते,” अण्णा सांगत होते. “करोनात स्पर्धाच रद्द झाली. त्या संघातली काही पोरं थांबली. अगबाजी, मॅककॉर्मॅक. आज मिळालं त्यांना.” ओचाय अगबाजीला स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. विद्यापीठाचं हे चौथं विजेतेपद: 1952, 1988, 2008 आणि हे.

धाकटी मात्र जरा घुश्शात होती. तिचं म्हणणं असं, की घरातल्या पोरीच्या मॅचला पप्पा कधी आले नाहीत आणि न्यू ऑर्लिन्सच्या मॅचला हौद वाहवला. “2017 ला बंगळूरला आपल्या पोरींनी कझाकस्तानला 75-73 नं हरवलं, आशिया कपच्या ब गटात पहिल्या आल्या. पुण्याची शिरीन लिमये होती त्या टीममध्ये. दोननं! ती मॅच बघितली होती का कुणी?”

कुणीच बघितली नव्हती. वकीलसाहेबांनी सुशील्याकडं हात नेला, पण ताटली रिकामी होती.

“पुढच्या मॅचला येतो,” अण्णा म्हणाले.

“नुसतं येऊ नका. काकांना घेऊन या,” ती म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं. “पाईपसकट.”

त्या रात्री आयपीएलमध्ये राजस्थान आणि बंगळूर होतं. मुंबईवाले दोन हरून बसलेले, म्हणून गल्लीत कुणाला फारसा उत्साह नव्हता. 170 करायचे होते आणि बंगळूरचे 87 ला पाच गडी गेले. पोरांनी टीव्ही बंद केला. तिथून दिनेश कार्तिक आणि शाहबाज अहमदनं मॅच काढली, पाच बॉल राखून. सकाळी अण्णा भिंतीवरून म्हणाले, “एका दिवसात दोन वेळा, सर! रात्री पाईप कुणाच्या हातात होता?”

पुढच्या वर्षी मार्चात कॅन्सस पुन्हा स्पर्धेत होतं, गतविजेते म्हणून. दुसऱ्याच फेरीत अरकॅन्ससशी गाठ पडली. सेल्फ हृदयाच्या उपचारानंतर विश्रांतीला होता, बाकावर नव्हता. मध्यंतराला कॅन्सस आठनं पुढं होतं. शेवटी 72-71, एका गुणानं हरलं. इकडं पहाटेची वेळ होती. अण्णांनी मला भिंतीवरून तीन हाका मारल्या म्हणे. मी उठलो नाही, आणि उठून तरी काय करणार होतो? त्या दिवशी नळाची पाळी नव्हती.